मरुभूमीतील पाण्याचा हिशेब

दिवाळीची सुटी लागली, म्हणजे मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. वडीलमंडळींसही चार दिवस मोकळी हवा हवीशी वाटते. श्रोतेहो, अशाच एका सुटीत पुण्याचे एक कुटुंब थरच्या मरुभूमीत प्रवासास निघाले. आईवडील, शाळेत जाणारी दोन भावंडे आणि आजी, अशी पाच माणसे. जोधपूरपर्यंत आगगाडी आणि तेथून जैसलमेरपर्यंत सुमारे २८० किलोमीटर भाड्याची मोटार, असा बेत होता.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, ही मुलांची समजूत लवकरच गळून पडली. वाटेत बाजरीची कापलेली शेते लागली, खडकाळ माळ लागले, आणि जागोजाग एक काटेरी वृक्ष दिसू लागला. तिकडे त्यास खेजडी म्हणतात. दसऱ्यास आपण जिची पूजा करतो, ती शमी हीच. जोधपूरजवळील खेजडली गावी १७३० साली ही झाडे तुटू नयेत म्हणून अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, ही हकीकत वडिलांनी सांगितली, तेव्हा मुले काही काळ स्तब्ध झाली.

पोखरण मागे पडल्यावर मोटारवाल्याने ओळखीच्या एका ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, गाडी थांबविली. घरधनिणीने पाहुण्यांपुढे पाण्याचा लोटा ठेवला. धाकट्याने दोन घोट घेतले, हात धुतले आणि उरलेले पाणी वाळूत ओतून दिले. कोणी रागावले नाही. त्या बाईची नजर मात्र ओल्या डागावर खिळली, आणि पाहता पाहता तो डागही नाहीसा झाला.

आजीने ते पाहिले. मोटारवाल्यास दुभाषा करून तिने त्या बाईस विचारले, "बाई, तुमचे पाणी कोठे साठवता?"

बाईने अंगणाबाहेरचे टाके दाखविले. जमिनीत खोल बांधलेले, वरून झाकलेले आणि भोवती उतरती, चोपून केलेली जमीन. त्या जमिनीस आगोर म्हणतात. पावसाळ्यापूर्वी ती झाडून स्वच्छ करतात, आणि तिच्यावर पडलेला पाऊस उताराने टाक्यात येतो. जैसलमेरकडे वर्षाकाठी सरासरी २० सेंटिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. म्हणून त्याचा एक थेंबही वाया जाऊ द्यावयाचा नाही, हा तेथील कुळाचार.

टाक्यात २०,००० लिटर पाणी होते. पुढील पाऊस येईपर्यंत आठ महिने ते पुरवावयाचे. मोठ्या मुलीने तेथेच हिशेब केला: २४० दिवस, म्हणजे रोजी सुमारे ८३ लिटर. त्यात सहा माणसे, एक गाय आणि काही शेळ्या! शहरात एका माणसास रोजी १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मान आहे. वडिलांनी हे सांगताच धाकट्याने मान खाली घातली.

आजीने त्यास जवळ घेतले व प्रथमच आपल्या बालपणाची गोष्ट सांगितली. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात तिची आई खडी फोडावयास जाई, आणि दहा वर्षांची ही पोर घागर घेऊन झऱ्यापाशी रांगेत बसे. वाटीने भरून घागर घरी आणावयाची. एकदा वाटेत ठेच लागून ती फुटली; त्या दिवशी आई तिला एक शब्दही बोलली नाही, नुसती पदराने डोळे पुशीत राहिली. "ते न बोलणे मला अजून आठवते," आजी म्हणाली.

सुनेने विचारले, "हे आपण कधी सांगितले नाही?" आजी हसली. "घरात नळ होता. कोणी विचारले नाही."

जैसलमेर जिल्ह्यात १९८७ साली कालव्याचे पाणी पोहोचले. सतलज-बियासचे पाणी शेकडो मैल चालून आले, ही थोर कामगिरी खरीच. पण कालवा दूरचे पाणी आणतो, टाके आपल्या अंगणातला पाऊस जपते. शहाण्याने दोन्ही सांभाळावीत.

निघताना धाकट्याने आपली भरलेली बाटली घरधनिणीपुढे धरली. तिने ती घेतली नाही. उलट तीतले कमी झालेले पाणी आपल्या लोट्याने भरून दिले. पुढच्या वाटेवर मुले खिडकीबाहेर कमी आणि आजीकडे अधिक पाहत होती. प्रवासात दूरचे मुलूख दिसतात. क्वचित घरातले माणूसही नव्याने दिसते.