शाळेची धास्ती
(नायगाव, जि. नांदेड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



दिवाळीनंतर आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांतले एखादे मूल शाळेची वेळ झाली की पोट दुखते म्हणते. रविवारी दुखत नाही, म्हणून घरचे त्याला ढोंगी ठरवतात. वास्तविक ते दुखणे खरेच असते. भीतीने पोटात गोळा येतो, मळमळते. मागे राहिलेले धडे, सोबत्यांचे हसू आणि छडी यांची ती भीती. मुलाला घरी ठेवले तर ती मुरते, फरफटत नेले तर दुणावते. आधी तासभर, मग अर्धा दिवस, तेही विश्वासाच्या माणसासोबत, असेच त्याला वर्गात रुळवावे लागते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, आणि त्याबरोबर विशेष प्रशिक्षणाचा हक्कही दिला. प्रशिक्षणाविना नुसते वर्गात बसवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत लोटणे होय. सतराव्या कलमाने तर शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी केली आहे. चारचौघांत ‘ढ’ म्हणणे हा छळ नव्हे काय?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांना घेऊन बैठकीला बसा आणि विचारा: तोडीहून आलेल्या मुलांना वेगळे कोण शिकवणार, आणि पहिले आठ दिवस त्यांना घरापासून वर्गापर्यंत सोबत कोण करणार?