तोंडीचे मार्क

आज बोलायचंय मुलांच्या परीक्षेबद्दल, म्हणजे इथल्या आबिटूरबद्दल.

तुम्ही महाराष्ट्रात शिकला असाल, तर दहावीचे तोंडीचे मार्क आठवत असतील. ते शाळेच्या हातचे, त्यामुळे मिळणारच, असं आपण धरून चालायचो. 2019 मध्ये बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते वीस मार्क काढून टाकले आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पालक ओरडले, पुढच्या वर्षी ते मार्क परत आले. पण खरी परीक्षा म्हणजे मार्चमधला लेखी पेपर, ही समजूत आपल्या डोक्यातून काही गेली नाही. तीच आपण सामानात बांधून इकडे आणली.

आता इथला हिशोब ऐका. आपल्या नोर्डराइन-वेस्टफालेन राज्यात आबिटूरचे एकूण गुण 900. त्यातले शेवटच्या परीक्षेचे फक्त 300. परीक्षा चार विषयांची असते. तीन लेखी, चौथा तोंडी. 2007 पासून लेखी पेपर राज्यभर मध्यवर्ती पद्धतीने निघतात. उरलेले 600 गुण येतात शेवटच्या दोन वर्षांच्या, म्हणजे चार सत्रांच्या वर्गातल्या कामातून. म्हणजे पोरगं परीक्षेला बसतं तेव्हा दोन तृतीयांश निकाल आधीच लागलेला असतो!

आणि या वर्गातल्या कामात काय मोजतात? एक, क्लाउझुर म्हणजे सत्रातले लेखी पेपर. दुसरं, वर्गातला सहभाग. हात वर करणं, प्रश्न विचारणं, दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढणं, गटात काम करणं, विषय मांडून दाखवणं. जिथे क्लाउझुर असते, तिथे दोन्हींना सारखंच वजन. इथे एका विषयाला 15 पैकी गुण देतात. समजा, मुलीला लेखीत 13 मिळाले, पण वर्गात ती गप्प म्हणून तिथे 5. साधारण 9 वर गाडी थांबते. म्हणजे श्रेणी एकवरून थेट तीनवर.

आमच्या घरी हे उशिरा कळलं. पालकभेटीच्या दिवशी शिक्षिका म्हणाल्या, ‘तुमचा मुलगा लिहितो छान, पण त्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.’ मी मनातून खूश! शांत मुलगा म्हणजे गुणी मुलगा. त्या तक्रार करताहेत, हे मला घरी पोचल्यावर उमगलं. गुणपत्रिका हातात आली तेव्हा तर चांगलंच उमगलं.

मंडळी, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’, ‘उत्तर पक्कं येत असेल तरच हात वर कर’ हे आपणच शिकवतो. इथे अर्धवट उत्तरही चालतं, विचार दिसला पाहिजे. जर्मन अजून कच्चं असलेलं मूल तर चूक होईल या भीतीनेच गप्प बसतं. त्याला सांगा, तासाला एकदा तरी बोल, एखादा प्रश्न विचारलास तरी पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट. सत्राच्या साधारण मध्यावर शिक्षक मुलांना आतापर्यंतची प्रगती सांगतात. तेव्हा मुलाला विचारायला लावा, ‘माझा तोंडी सहभाग कसा आहे? काय सुधारू?’ सत्र संपल्यावर विचारून उपयोग नाही. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमच्या मुलाच्या वर्षाला कोणते लागू आहेत, हेही शाळेत विचारून घ्या.

आणि आबिटूर लांब आहे म्हणून थांबू नका. दहावीच्या अखेरीस जर्मन, गणित आणि इंग्रजीची मध्यवर्ती परीक्षा असते. तिथेही निम्मं वजन वर्षभराच्या कामाला आहे.

तिसरी गोष्ट घरातली, आणि ती मराठीतच करायची. रात्री जेवताना मुलाचं मत विचारा. ‘का?’ म्हणा. त्याने तुमचं म्हणणं खोडलं, तर ‘उलट बोलतोस?’ म्हणू नका. जो घरी आई-बाबांशी मुद्द्याने भांडतो, त्याला वर्गात हात वर करायला जड जात नाही. भाषा बदलते, धीर तोच लागतो.

तेव्हा आज रात्री आमटी-भात वाढताना एक प्रश्न जरूर विचारा, आणि मग जरा गप्प बसून ऐका. पुन्हा भेटूच. नमस्कार!