विवाह जुळविताना रक्ताचाही विचार व्हावा
(युसूफ वडगाव येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



विवाह जुळविणे हे आपल्या मंडळाचे जुने व आवडते कार्य. कुळ, देवक, नाडी, शिक्षण, शेतीवाडी यांची आपण कसून चौकशी करतो. परंतु वधूवरांच्या रक्तातून पुढील पिढीस काय मिळणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

थॅलॅसेमिया नावाचा एक आनुवंशिक रक्तदोष आहे. त्यात शरीरात हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही. हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर मनुष्य बहुधा धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. दोघांकडून आला, तर मूल साधारणतः पहिल्या दोन वर्षांतच फिकट पडू लागते आणि पुढे त्याला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात असे मूल होण्याचा संभव ४ पैकी १ असतो. पहिले मूल निरोगी झाले, म्हणून दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

आता आपल्या रूढीकडे वळू. मामाची मुलगी करणे आपल्याकडे मानाचे समजतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने निषिद्ध नात्यांतील विवाहांस मनाई केली, तथापि जेथे रूढी आहे तेथे मुभा ठेवली. पण कायद्याची मुभा रक्ताला ठाऊक नसते. भाच्याचे आजोळ आणि मामाच्या मुलीचे माहेर हे एकच घर. त्या घरात दडलेला दोष दोन्ही वाटांनी येऊन एकत्र मिळण्याचा संभव अधिक. नाते नसले तरी एकाच ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत असतात. म्हणून नात्याबाहेरच्या स्थळांनीही निर्धास्त राहू नये.

असे मूल जन्मले की बोल सुनेला लागतो. हा घोर अन्याय होय. दोष दोन्ही घराण्यांकडून आलेला असतो, आणि अपराध कोणाचाच नसतो. डाऊन सिंड्रोममध्ये मुलाच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे १९५९ साली पॅरिस येथे दिसून आले. ती स्थिती तर बहुतेक वेळा आनुवंशिकही नसते. मग मातेस कोणत्या तोंडाने दूषण द्यावे?

उपाय सोपा आहे. सुपारी फुटण्यापूर्वी दोघांच्या रक्ताची तपासणी करावी. त्यात हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण पाहावे. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपणांस जवळ आहे. तेथील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एकजणच वाहक असेल तर स्थळ मोडण्याचे कारण नाही. दोघेही वाहक निघाल्यास त्याची गावभर वाच्यता न करता शांतपणे विचार करावा. विवाह आधीच झाला असेल, तर गर्भाची तपासणीही वेळीच करता येते.

आणि ज्यांच्या घरी असे लेकरू आहे, त्यांनी ते लपवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलॅसेमिया, हिमोफिलिया व सिकल सेल या तिन्हींचा समावेश आहे. त्या लेकराला रक्त देण्यास ज्ञातीतील तरुणांनी आपणहून पुढे यावे. आपल्या वधूवर-नोंदीत नाडीच्या शेजारी रक्ततपासणीचाही एक रकाना असावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.