दात असलेले भूत



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय छापून आल्यापासून दोघातिघांनी विचारले, "व्हॅम्पायर म्हणजे ते रक्त पिणारे वटवाघूळच ना?" तेवढे आधी निस्तरतो. रक्तावर जगणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडात सापडतात आणि त्यांना हे नाव गोष्टीतल्या पिशाचावरून मिळाले. पिशाच आधीचे, वटवाघूळ नंतरचे. आपल्या कमाटीबागेतली बिचारी वटवाघळे फळे खाऊन राहतात.

हा विषय बडोद्यात मांडायला एक निमित्तही आहे. रिचर्ड बर्टन हा पुढे जगभर गाजलेला प्रवासी 1842 साली कंपनीच्या पलटणीतला कोवळा अधिकारी म्हणून बडोद्याच्या छावणीत होता. इथे त्याने भाषांचा सपाटा लावला. अनेक वर्षांनी, 1870 मध्ये, त्याने वेताळपंचविशीतल्या निवडक कथा इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाला नाव दिले 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. माझ्या मते वेताळावर झालेला हा मोठाच अन्याय आहे. वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण कुणाचे रक्त पीत नाही. तो गोष्टी सांगतो, न्यायाचे पेच घालतो, आणि शेवटी कपटी योग्याचा डाव उघड करून राजाचा जीव वाचवतो. कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामदैवत आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. ज्याच्या चपलांची गावाला काळजी, त्याला व्हॅम्पायर कसे म्हणायचे?

गंमत अशी की, ज्याने 'ड्रॅक्युला' लिहिली तो ब्रॅम स्टोकर या बर्टनला ओळखत होता. स्टोकर लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक. नट हेन्री अर्व्हिंगच्या आठवणी लिहिताना त्याने बर्टनचेही वर्णन केले आहे, आणि त्यात बोलताना वरचा ओठ उचलला जाऊन दिसणारा त्याचा सुळा विसरलेला नाही. त्यावरून ड्रॅक्युला म्हणजे बर्टनच, असे मी म्हणणार नाही. पण वेताळाला व्हॅम्पायर म्हणणाऱ्याचाच सुळा त्या लेखकाच्या डोळ्यांत भरावा, हे मजेचे आहे.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे भुतांचा तुटवडा नाही. मुंजा, हडळ, खवीस, समंध, गिऱ्हा, अशी प्रत्येकाची जागा आणि तऱ्हा ठरलेली. पण आपली भुते झपाटतात, अंगात येतात, वाट चुकवतात. चावत नाहीत, कारण त्यांना दात नाहीत, आणि दात नाहीत, कारण देह नाही. तो आपण जाळून टाकलेला असतो. लहान मुले, संन्यासी, लिंगायत समाज असे अपवाद सोडले, तर मेलेला माणूस नंतर कसा दिसतो हे पाहण्याची वेळ आपल्यावर येत नाही. व्हॅम्पायर ही पुरणाऱ्यांच्या मुलखातली कल्पना आहे. तो आत्मा नव्हे. तो कुजायला तयार नसलेला देह आहे.

याचे दप्तरी पुरावे आहेत. 1718 नंतर सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. तिथल्या मेद्वेजा गावात तीन महिन्यांत 17 माणसे दगावली. गावकऱ्यांचा संशय होता आर्नोल्ड पाओले नावाच्या माणसावर. तो काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मेला होता. सरकारने लष्करी वैद्य योहान फ्ल्युकिंगर याला पाठवले. त्याने थडगी उघडली, प्रेते तपासली आणि जानेवारी 1732 मध्ये अहवाल दिला : कित्येक प्रेते ताजी, तोंडाशी रक्त, नवी त्वचा, नवी नखे. आज आपल्याला ठाऊक आहे की थंड मातीत देह सावकाश कुजतो, पोटातल्या वायूने फुगतो, काळपट द्रव तोंडातून बाहेर येतो, वरची कातडी सुटून खालचा थर दिसतो. वैद्याने खोटे काही लिहिले नव्हते. त्याने नीट पाहिले आणि अर्थ गावाचा लावला. त्याच वर्षी हा शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत पोहोचला. पुढे 1755 मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला वैद्य व्हान स्वीटेन याच्या सल्ल्याने ही थडगी उकरणे बंद केली.

या अहवालांत आणि लोककथांत एक गोष्ट फार बोलकी आहे. व्हॅम्पायर परक्याकडे जात नाही. तो आधी आपल्याच घरी येतो, बायकोकडे, भावाकडे, मुलाकडे. कारण साथ घरातच पसरते. क्षयात आज आई गेली, पुढे मुलगी, मग दुसरी, आणि उरलेल्यांना वाटायचे की गेलेलेच मागे राहिलेल्यांना ओढून नेत आहेत. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावी ब्राऊन कुटुंबात असेच झाले. आई गेली, थोरली मुलगी गेली, आणि जानेवारी 1892 मध्ये 19 वर्षांची मर्सी गेली. मुलगा एडविन अंथरुणाला खिळलेला. शेजाऱ्यांनी आग्रह धरला. बापाचा विश्वास नव्हता म्हणतात, तरी त्याने होकार दिला. मार्चमध्ये तिघींची प्रेते पाहिली. दोघींचे सांगाडे झालेले. मर्सी थंडीत ठेवलेली, म्हणून जशीच्या तशी, आणि काळजात रक्त. ते काळीज जाळले, राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती.

या प्रसंगाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. त्या बापाला एक मुलगा उरला होता. तुम्हीआम्ही त्या जागी काय केले असते? आपल्याकडे देवी आणि पटकीची साथ आली की गावाने मरीआईचा गाडा शिवेपार नेला, म्हणजे दोष बाहेरच्या देवतेवर गेला. तिथे तो स्वतःच्या लेकीवर गेला. दुसरी तऱ्हा मला जास्त क्रूर वाटते आणि जास्त खरीही वाटते. माणूस गेल्यावर त्याचा राग येतो, हे घराघरात ठाऊक असते. बोलत कोणी नाही.

साहित्याने या खेडूत प्रेताला कपडे चढवले. बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' ही कथा 1819 मध्ये प्रसिद्ध झाली, तीही बायरनच्या नावावर. त्याने पिशाचाला लंडनच्या दिवाणखान्यात आणून बसवले. तो आता उमराव झाला. मग स्टोकर. त्याने ट्रान्सिल्व्हेनिया कधी पाहिले नाही. पण ग्रंथालयात बसून असा सरदार उभा केला, की जो रेल्वेचे वेळापत्रक वाचतो आणि लंडनमध्ये कोणी परका म्हणू नये म्हणून इंग्रजी उच्चार घोटतो. साऱ्या जगात घुसलेल्या साम्राज्याला भीती कसली, तर उलट दिशेने कोणीतरी आपल्याकडे येईल याची.

सिनेमाने पुढे भर घातली, तिच्यावर वेळ दवडत नाही. एक मात्र सांगतो. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हे स्टोकरचे नव्हे. त्याचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, आणि शेवटी त्याच्यावर चालते ती चक्क आपल्या उपखंडातली कुकरी, जोडीला एक अमेरिकी सुरा. उन्हात विरून जाणे आले मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू' या 1922 च्या मूकपटातून. स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेता काढलेल्या या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम कोर्टाने दिला. काही प्रती वाचल्या. निर्मिती संस्थेचे नाव होते 'प्राण', आपल्या संस्कृतातले.

स्टोकरचा नियम वेगळाच आहे आणि तो मला सर्वांत आवडतो. घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय हा पाहुणा पहिल्यांदा उंबरा ओलांडू शकत नाही. कादंबरी 26 मे 1897 रोजी निघाली. महिन्याच्या आत पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि लोकांची तक्रार काय होती? प्लेगच्या तपासणीचे सोजीर न विचारता स्वयंपाकघरापर्यंत शिरतात. व्हॅम्पायर निदान परवानगी मागतो! पण खरी भीती त्या परवानगीतच आहे. जो नुसता घुसतो, त्याच्याशी लढता येते. ज्याला आपणच या म्हटले, त्याचे काय करायचे? नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली 'लुचाई' मराठी वाचकाला परकी वाटली नाही, याचे एक कारण हेच असावे. दार वाजते, ओळखीचा आवाज येतो, आणि मराठी घरात ओळखीच्या माणसाला बाहेर उभे ठेवत नाहीत.

आणि त्याला आत घ्यावेसे वाटते ते का? कारण त्याच्याजवळ अमरपण आहे. आपण मुलांच्या नावामागे 'चि.' लावतो. वाढदिवसाला सात चिरंजीवांचे स्मरण करतो. त्यात पहिले नाव अश्वत्थाम्याचे आहे, हे ध्यानात घेतो का? महाभारतात त्याला मिळालेले अमरपण हा शाप आहे : तीन हजार वर्षे एकट्याने भटकायचे, कोणाशी बोलणे नाही, अंगाला रक्तपुवाची दुर्गंधी. चांदोद, गरुडेश्वराकडून परिक्रमेला गेलेल्यांकडून आपण ऐकले असेल, की शूलपाणीच्या रानात कपाळावर जखम असलेला उंच माणूस तेल मागतो. कोणाला खरे वाटो न वाटो, या गोष्टीत त्याला हाकलून दिल्याचे मी कधी ऐकले नाही. लोक तेल देतात.

ॲन राइस या अमेरिकन लेखिकेची मुलगी 1972 मध्ये, सहा वर्षांची व्हायच्या आत, रक्ताच्या कर्करोगाने गेली. त्यानंतर तिने लिहिलेली 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' 1976 मध्ये आली. तिच्यात क्लॉडिया नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. मरणाच्या दारातून तिला व्हॅम्पायर करून परत आणतात. मन बाईचे होते, देह पाच वर्षांचाच राहतो, आणि ज्यांनी वाचवले त्यांना ती क्षमा करत नाही. याच कादंबरीत पॅरिसमधली एक बाहुल्या बनवणारी बाई येते, मॅडलीन. तिची मुलगी वारली आहे, आणि दुकानातल्या सगळ्या बाहुल्यांना ती एकच चेहरा देते. क्लॉडियाला पाहिल्यावर तिला तिची भीती वाटत नाही. जी मरू शकत नाही अशी मुलगी तिच्यासमोर उभी असते, आणि मॅडलीन स्वतःहून गळा पुढे करते.