पटाची जोडी आणि धुरकऱ्याचे कसब

बालाघाट जिल्ह्यातील किरनापूर आणि शेजारचे गोंदिया-भंडारा हा सारा वैनगंगेच्या खोऱ्याचा मुलूख. सुगी उरकली की या भागात शंकरपटाच्या गोष्टी निघतात. बैलांचे पाय चपळ असले की पट जिंकला, असा हौशी शेतकऱ्याचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

उरलेले यश गाडीच्या बांधणीत आणि धुरकऱ्याच्या हातात असते. दोन चाकांच्या गाडीचा तोल आखावर साधतो. भार पुढे सरकला तर जू मानेवर दाबते. मागे गेला तर गाडी उलाळ होते आणि बैलांच्या गळ्यावर ताण येतो. धुरकऱ्याचे वजनही त्याच हिशेबात धरावे लागते. एक चाक जड फिरले तर गाडी त्या अंगाला ओढते. म्हणून वंगण दोन्हीकडे सारखे हवे. बैलही सारख्या चालीचे हवेत, नाहीतर चपळ बैल पुढे सरतो आणि गाडी वाकडी धावते.

मग आसूड कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली व ती १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने वैध ठरविली; मात्र बैलांना मारहाण करण्यास तेथेही मनाई आहे. शिवाय ती दुरुस्ती महाराष्ट्रापुरतीच आहे. किरनापूर मध्यप्रदेशात येते, हे तेथील हौशी मंडळींनी जोडी जुंपण्यापूर्वी ध्यानी घ्यावे.

ज्या धुरकऱ्याला आसूड उगारावा लागतो, त्याची तयारी घरीच अपुरी राहिलेली असते.