पाण्याची पाळी : बाली बेटातील एक दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा संकेत आहे. आम्ही पडलो साधे बी. ए., आणि त्यातून केंद्र सरकारचे हिशेब तपासण्यात उभी हयात घालवलेले. दुसऱ्याच्या खर्चात खोट काढणे ही आमची विद्या. तेव्हा या व्याख्यानात पांडित्य शोधू नये. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता बाली बेटावर गेलो होतो. त्यातील एका दिवसाचा जमाखर्च आपल्यापुढे मांडावा, एवढाच हेतू आहे.

बाली हे नाव आपणा उत्कलवासी मराठी मंडळींना नवे नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे केळीच्या सोपटाच्या आणि कागदाच्या चिमुकल्या नावा दिवे लावून पाण्यात सोडायच्या आणि मग कटकला महानदीच्या काठी बालीजत्रेत हिंडायचे, हे आपल्या मुलांच्याही अंगवळणी पडले आहे. ज्या कटकवर १७५१ ते १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्याच कटकात पूर्वसमुद्री गेलेल्या कलिंगाच्या साधवांची ही आठवण दरसाल जागवली जाते. वर्षानुवर्षे त्या नावा सोडताना घरातून एकच प्रश्न येई, 'या नावा जातात तिथे आपण कधी जायचे?' अखेर परदेशगमनाची रीतसर परवानगी काढली आणि निघालो.

उबुद या गावी मुक्काम होता. तेथून दिवसभरासाठी एक मोटार ठरवली. दहा तासांचे भाडे साडेसहा लाख! आकडा ऐकून सौभाग्यवतींनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, भविष्य निर्वाह निधी मोडूनच आम्ही हा प्रवास योजला आहे की काय. अर्थात ते लाख तेथील रुपियाचे. आपल्या हिशेबाने सुमारे साडेतीन हजार. सारथी तिशीचा, हसतमुख. आम्हाला तो 'बापाक' म्हणे आणि सौभाग्यवतींना 'इबू', म्हणजे वडील आणि आई. त्या बेटावर अपत्याचे नाव बहुधा जन्मक्रमावरून ठेवतात. थोरल्याचे निराळे, दुसऱ्याचे निराळे, आणि चौथ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे त्याने नाव सांगताच तो घरातला थोरला, हे आम्हाला कळून चुकले. थोरलेपणाचा भार काय असतो, हे मात्र संध्याकाळी कळले.

पहिला मुक्काम तेगेनुंगान धबधबा. पेतानू नदी तेथे झाडीतून एकदम खाली कोसळते. पायऱ्या उतरून गेलो, तुषार अंगावर घेतले, छायाचित्रे काढली. धबधब्याविषयी याहून अधिक सांगत नाही, कारण पाणी पडताना जितके देखणे दिसते तितके ते बोलके नसते. ते पुढे कोठे जाते आणि कोणाला मिळते, तेथून खरी कथा सुरू होते. पेतानूचे नाव मात्र ध्यानात असू द्यावे. ते पुन्हा येणार आहे.

तेथून उत्तरेस तांपाकसिरिंगला आलो. पाकेरिसान नदीच्या अरुंद खोऱ्यात तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरून गेले की गुनुंग कावी लागते. दोन्ही तीरांवरच्या कातळात उंच कोनाडे खोदून त्यांत देवळांचे दहा दर्शनी भाग कोरले आहेत. काळ अकराव्या शतकाचा. उदयन राजाचा पुत्र अनाक वुंग्सू याच्या कुळाशी त्यांचा संबंध जोडतात. डोंगर पोखरून देव घडवणे आपल्याला अपरिचित नाही. वेरूळ पाहिलेल्या माणसाला तो छिन्नीचा घाव ओळखीचा वाटतो. फरक एवढाच की वेरूळला आता घंटेचा नाद नाही, आणि येथे त्या कातळाच्या पायथ्याशी ताज्या फुलांची द्रोणपत्रे ठेवलेली होती. शेजारी पाट वाहत होता, आणि पाटाच्या पलीकडे भात उभे होते.

जवळच तीर्त एम्पुल. हे तीर्थ इ. स. ९६२ मधील असल्याचे सांगतात. भूगर्भातून झरा उसळतो, त्याचे पाणी दगडी मुखांतून कुंडात पडते आणि माणसे रांगेने एकेका धारेखाली मस्तक लववतात. मृतांच्या विधीसाठी राखलेल्या धारा तेवढ्या सोडून द्यायच्या. आम्हीही कमरेला वस्त्र गुंडाळून रांगेत उभे राहिलो. 'तीर्त' हा शब्द ऐकताच सौभाग्यवतींनी उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. त्या शब्दाला काही भाषांतर लागले नाही. बालीचे लोक आपल्या धर्माला पूर्वी 'आगम तीर्त', म्हणजे तीर्थाचा धर्म, असेही म्हणत. त्यांची धान्यदेवता 'देवी श्री'. त्यांचे वर्षही शकाचेच. २०२३ साली मार्चच्या २२ तारखेस आपण येथे शके १९४५ ची गुढी उभारली, त्याच दिवशी बालीत १९४५ हाच शक सुरू झाला. आपण पाडवा श्रीखंडाने साजरा करतो आणि ते संपूर्ण मौनाने. त्या 'न्येपी'च्या दिवशी रस्ते ओस पडतात, दिवे मालवतात, विमानतळसुद्धा बंद असतो.

ही साम्ये मोजत बसलो असतो तर हे व्याख्यान आपल्या सर्वांना सुखकर झाले असते. 'पाहा, आपलेच ते!' असे म्हणून आपण घरी गेलो असतो. परंतु तीर्थाच्या कुंडातून बाहेर पडताना सारथ्याने सहज विचारले, 'बापाक, हे पाणी येथून कोठे जाते, सांगा?' आम्ही म्हणालो, 'नदीला.' तो म्हणाला, 'नदीला आणि मग शेतांना. देऊळ आधी, शेत नंतर, पाणी एकच.'

बालीत भाताच्या पाण्याची व्यवस्था 'सुबक' नावाच्या शेतकरीमंडळांकडे आहे. तिची परंपरा नवव्या शतकापर्यंत मागे जाते. एका पाटावरच्या सर्व शेतकऱ्यांचा मिळून एक सुबक. त्याचा निवडलेला प्रमुख, त्याच्या सभा, त्याचे लिखित नियम, त्याचे दंड आणि त्याचे स्वतःचे देऊळ. पाटात आडवे लाकूड घालून त्याला ठरल्या मापाच्या खाचा पाडतात. ज्याचा जेवढा वाटा तेवढी खाच. पेरणी केव्हा, पाणी कोणाला आधी, रान रिकामे केव्हा ठेवायचे, हे देवळाच्या पंचांगाने ठरते. युनेस्कोने २०१२ साली या व्यवस्थेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाच ठिकाणची पायरीशेते आणि त्यांची जलमंदिरे मिळून १९,५०० हेक्टरांचा हा वारसा आहे, आणि पाकेरिसानचे खोरे त्यात येते.

आता हिशेबाचा प्रश्न असा की, ज्याचे शेत वर आहे त्याने खालच्याला पाणी का द्यावे? पाट आधी त्याच्याच बांधाशी येतो. त्याने सगळे अडवले तर त्याला कोण विचारणार? याचे उत्तर स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने शोधले. वरच्याला पाण्याची टंचाई नसते, परंतु त्याला किडीचे भय असते. जो तो आपल्या मर्जीने भात लावू लागला तर कीड या शेतातून त्या शेतात बारमाही चरत राहते. मोठ्या टापूतील सगळे भात एकाच वेळी कापले आणि रान एकाच वेळी रिकामे ठेवले, तर तिला अन्न मिळत नाही आणि ती मरते. म्हणून खालच्यानेही आपल्याबरोबरच लावणी करावी, अशी वरच्याला गरज असते. आणि खालच्याने तसे करायचे तर त्याला वेळेवर पाणी दिले पाहिजे. एकाला पाणी हवे, दुसऱ्याला सोबत हवी.

१९७० नंतर अधिक उत्पन्नाच्या जाती आल्या. वर्षातून जितकी पिके घेता येतील तितकी घ्या, देवळाचे पंचांग बाजूस ठेवा, असा सरकारी आग्रह सुरू झाला. आरंभी उत्पन्न वाढले. मग तुडतुडे आले, भाताचे रोग आले, औषधे आली, आणि औषधांना न जुमानणारी कीड आली. पुढे लान्सिंग आणि त्यांचे सहकारी क्रेमर यांनी ओस व पेतानू या दोन नद्यांवरील १७२ सुबकांचे गणित संगणकावर मांडले आणि १९९३ साली प्रसिद्ध केले. सकाळी ज्या धबधब्याशी आम्ही छायाचित्रे काढली, तीच ही पेतानू! त्या गणितात देवळांच्या जाळ्यासारखी व्यवस्था पिकाला सर्वांत हितकर ठरली. पुजाऱ्यांच्या पंचांगात अडाणीपणा पाहणाऱ्यांना चार पावले मागे यावे लागले.

दुपार कलताना आम्ही तेगालालांगच्या पायरीशेतांत उतरलो. अरुंद दरीच्या दोन्ही अंगांस हिरव्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर आमच्यासारख्या प्रवाशांची जत्रा. नारळाच्या झाडांना उंच झोके टांगलेले. छायाचित्रासाठी झोका घेणे हा तेथला मोठा उद्योग. बांधावरून पुढे जायचे तर जागोजागी पेटी घेऊन शेतकरी उभे. तिसऱ्या पेटीशी सौभाग्यवती चिडल्या. त्या कोकणातल्या, खाचरात वाढलेल्या. 'बांधावरून चालायला पैसे?' असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण लगेच बांधाकडे पाहून गप्प झाल्या. हजारो पावलांनी तो खचला होता. पाहणारा पाहून जातो. बांध लिंपतो शेतकरीच. हा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा?

तेथे एका टपरीवर कॉफी पीत बसलो असता दुसऱ्या दिवशीही याच मोटारीने जावे, असे ठरू लागले. सारथी म्हणाला, 'उद्या नाही, बापाक. उद्या आमच्या सुबकचा पाट साफ करायचा आहे.' वडील थकल्यामुळे जबाबदारी थोरल्यावर आलेली. गैरहजर राहिल्यास काय होते, असे विचारले, तेव्हा दंड असतो म्हणाला. दंडाची रक्कम ऐकली आणि आमच्यातला हिशेबनीस जागा झाला. मोटारीची दिवसाची कमाई त्याच्या कितीतरी पट! आम्ही त्याला शांतपणे समजावले की दंड भरावा, गाडी काढावी आणि उरलेले गाठीस बांधावे. सरळ नफ्याचा व्यवहार आहे.

तो हसला नाही. म्हणाला, 'दंड सगळ्यांनाच भरता येतो, बापाक. सगळ्यांनी भरला तर गाळ कोण काढणार?' आणि थोड्या वेळाने खाली पाहत म्हणाला, 'आमच्या वरचे शेत भाड्याने गेले. तिथे आता बंगला आहे. बंगला सुबकच्या सभेला येत नाही. आमचे पाणी उशिरा येते.'

बंधूभगिनींनो, त्या क्षणी आम्ही बालीत नव्हतो. आम्ही पांझरेच्या काठी होतो. धुळे जिल्ह्यातील आमच्या लहानपणी, फडपद्धत मावळत असताना, आजोबांच्या बोटाला धरून आम्ही बंधाऱ्यावर जात असू. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात सर्वांचे पीक एकच. आपल्या मर्जीने वेगळे लावायचे नाही. पाणी द्यायला पाटकरी. कोणाची पाळी केव्हा ते त्याला ठाऊक. पाऊस ओढला तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे पंच ठरवीत. आणि बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असल्यामुळे तोटाही सर्वांचा मिळून होई. पुढे विहिरींवर इंजिने आली, त्यांच्या जागी विजेच्या मोटारी आल्या, नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली. ज्याचे पाणी त्याच्या विहिरीत आले. मग पाटाचा गाळ कोणी काढायचा? आमच्या वडिलांनीही त्या कामाला जाणे सोडले आणि गडी पाठवून देऊ लागले. आणि नोकरी लागल्यावर आम्ही मनिऑर्डर पाठवू लागलो. म्हणजे दंडच भरला म्हणायचा. त्या पाटात आता बाभळी वाढल्या आहेत. त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही; आमच्याच खात्यावरची ती जुनी थकबाकी आहे, आणि ती आम्हाला त्या परक्या मुलुखातल्या टपरीवर सापडली.

म्हणून बालीहून आम्ही 'आपलेच ते' हा अभिमान घेऊन आलो नाही. तेथील देवळांत अजून फुले आहेत, कारण त्या देवळांशी शेजाऱ्याचे पाणी बांधलेले आहे. ते बंधनही आता भाड्याने जाऊ लागले आहे, आणि जेथे ते सुटेल तेथे देऊळ पाहण्यापुरते उरेल; पेटीत पैसे टाकून पाहण्यापुरते.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. आपला गणपती थाटाने बसतो, नाटक होते, वर्गणी वेळेवर जमा होते. गेली आठ वर्षे मंडळाचे हिशेब आम्हीच तपासतो, तेव्हा ग्वाही देतो की पैचीही तूट नाही. परंतु रविवारच्या मराठी वर्गाची हजेरीपत्रिकाही आम्ही पाहिली आहे. मुले सात आहेत आणि शिकवणाऱ्या बाई एकट्या. त्यांची प्रकृती बरी नसली की वर्ग बंद. आम्ही सर्वांनी, प्रस्तुत वक्त्यानेही, वर्गणी भरली आणि मोकळे झालो.

तेव्हा भाषणाच्या अखेरीस एक नम्र सूचना मांडतो. त्या वर्गाची पाळी लावावी. प्रत्येक घराकडे वर्षातून दोन रविवार. शिकवता येत असो वा नसो, गोष्ट सांगावी, ओव्या म्हणाव्यात, आपल्या गावच्या पाटाविषयी बोलावे. पहिल्या दोन रविवारांपुढे आमचे नाव लिहून ते कार्यवाहांकडे देऊन ठेवले आहे.