बरणीचे वय आणि बरणीतली ओल



वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्याच उन्हात गच्चीवर मिरच्या, कुरडया, बिबडे वाळतात आणि काळ्या मसाल्याची वर्षाची बेगमी होते. वर्ष उलटले की प्रश्न येतो : डब्याच्या तळाशी उरलेला मसाला, दोन उन्हाळे पाहिलेले लोणचे, मागच्या हंगामातले शेंगदाणे खावेत की टाकावेत? माझे म्हणणे असे की, पदार्थाचे वय विचारून याचे उत्तर मिळणार नाही. त्याला ओल लागली का, हे आधी विचारले पाहिजे.

जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते, तेही मिठा-साखरेने बांधून न ठेवलेले. हे मोकळे पाणी मोजण्याच्या मापात शुद्ध पाण्याचा आकडा १ असतो, ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. कडक वाळलेली मिरची, धणे, हळद याच मर्यादेत राहतात. वर्षाने त्यांचा वास उडतो, रंग उतरतो, खोबरे घातलेला मसाला खवट होतो. पण डबा कोरडा असेल तर त्यात नवे विष तयार होत नाही. कैरी-लिंबाच्या लोणच्याला मिठाबरोबर आंबटपणाचेही संरक्षण असते. आम्लतेचा सामू ४.६ किंवा त्याहून कमी असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढत नाही, आणि ही फळे त्याहून बरीच आंबट असतात. म्हणून काळे पडलेले जुने लिंबाचे लोणचे केवळ रंगावरून टाकण्याचे कारण नाही.

खरी काळजी शेंगदाण्यांची आहे. भरितापासून चटणीपर्यंत खान्देशी स्वयंपाक त्यांच्यावर उभा आहे. ओल लागलेल्या दाण्यांवर आणि मिरचीवर अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतून या विषाचा छडा लागला. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. हे विष माणसात कर्करोग घडवते, हे सिद्ध झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, बुरशी निवडून टाकू, दाणे उन्हात घालू, भाजून घेऊ. उन्हाने ओल जाते आणि भाजल्याने बुरशी मरते. पण तयार झालेले अफ्लाटॉक्सिन स्वयंपाकाच्या उष्णतेने पूर्णपणे नष्ट होत नाही, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. दुसरा आक्षेप असा की, आजीची लोणची वर्षानुवर्षे टिकत, कोणाला काही झाले नाही. ती टिकत, कारण त्यांत मीठ भरपूर असे, फोडी तेलाखाली बुडलेल्या असत आणि बरणीत ओला चमचा जात नसे. आज आपण प्रकृतीसाठी मीठ-तेल कमी करतो. ते योग्यच आहे, पण मग टिकाऊपणाची जुनी हमी त्या लोणच्याला लागू राहत नाही. ते फ्रिजमध्येच ठेवले पाहिजे. तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणात तर आंबटपणाही नसतो आणि हवाही पोचत नाही. बोट्युलिझमच्या जिवाणूला हेच हवे असते. असा लसूण फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा. तिसरा आक्षेप छापील तारखेचा. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीची आणि दर्जाची हमी सांगते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटलेला पदार्थ मात्र खाऊ नये.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्याआधी आपले कपाट एकदा उघडा. कोरडा मसाला हुंगून पाहा. वास उतरला असेल तर थोडा जास्त घाला, खवट असेल तर टाका. गोळे झालेले, बुरशीचा वास येणारे तिखट ठेवू नका. सुरकुतलेले, काळवंडलेले, कडू लागणारे दाणे मूठभर असोत की पायलीभर, फेकून द्या. ते जनावरांपुढेही टाकू नका, कारण हे विष दुधातून पुन्हा आपल्याच घरात येते.